चेक वटण्याआधीच हप्ता आला तर: बँकेचा भुर्दंड टाळण्याची आणि लागल्यास परत मागण्याची रीत

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे हिशेब मी सांभाळतो. 7 नोव्हेंबर 2025 रोजी, शुक्रवारी, एका पार्टीकडून 48,000 रुपयांचा चेक दुपारी उशिरा हाती आला आणि दांडिया बाजारातल्या घराकडे परतताना, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, तो मी शाखेबाहेरच्या चेकपेटीत टाकला. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार होता आणि त्यापुढे रविवार, म्हणजे दोन दिवस शाखा बंद. सोमवारी 10 तारखेला सकाळीच लेथ मशीनच्या कर्जाचा 31,400 रुपयांचा हप्ता खात्यावर आला, तेव्हा खात्यात 22,650 रुपये होते. हप्ता परत गेला. चेकचे पैसे त्याच संध्याकाळी जमा झाले. पासबुक भरून घेतले तेव्हा एकाखाली एक दोन ओळी उमटल्या: 590 रुपये वजा, म्हणजे 500 रुपये आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि लगेच खाली 48,000 रुपये जमा. दोन्ही ओळींपुढे तारीख एकच होती. कर्ज देणाऱ्या कंपनीने हप्ता परत आल्याबद्दल लावलेले 600 रुपये वेगळेच.

कारखान्याकडे पैसे नव्हते असे नाही, ते वाटेत होते. हा भुर्दंड बहुतेक वेळा अशाच लोकांना बसतो ज्यांची मिळकत पुरेशी आहे पण येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ यांचा मेळ बसलेला नाही, आणि म्हणून तो टाळण्याचा मार्गही अधिक कमावण्यात नसून तारखा आणि वेळा जाणून घेण्यात आहे.

जमा दिसणे आणि जमा होणे

पहिली गोष्ट म्हणजे शिल्लक नीट वाचणे. भरलेला चेक वटण्यापूर्वीच काही बँकांच्या ॲपमध्ये जमेच्या बाजूला दिसू लागतो आणि एकूण शिल्लक फुगलेली दिसते. हप्ता किंवा आपण दिलेला चेक समोर आला की बँक मात्र 'अव्हेलेबल बॅलन्स' म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारी शिल्लक तेवढी पाहते. वाटेतला चेक त्यात धरलेला नसतो, आणि बँकेने एखाद्या रकमेवर 'लिएन' लावला असेल, म्हणजे ती रक्कम अडवून ठेवली असेल, तर तीही त्यातून वगळलेली असते. त्यामुळे उद्या पैसे जाणार असतील तर आज हाच आकडा पाहावा. ज्या शहरात 1889 साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली आणि 1908 साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा स्थापन केली, त्या शहरातले आम्ही लोक पासबुक भरून घेतो आणि न वाचता कपाटात ठेवतो, ही गोष्ट मला नेहमी खटकते.

आता येणारा पैसा केव्हा 'आपला' होतो ते पाहू. चेकच्या बाबतीत 4 ऑक्टोबर 2025 पासून मोठा बदल झाला आहे. पूर्वी दिवसभरातले चेक एका गठ्ठ्याने पुढे जात आणि पैसे मिळायला दुसरा कामाचा दिवस उजाडत असे. आता शाखेत आलेल्या चेकची छायाप्रत दिवसभर सतत पुढे पाठवली जाते. ज्या बँकेवर चेक काढलेला आहे तिने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो, न कळवल्यास होकार धरला जातो, आणि हिशेब पुरा झाल्यावर तासाभरात पैसे ग्राहकाच्या खात्यात सोडायचे असतात. ही सोय उत्तम आहे, पण तिचे घड्याळ चेक पेटीत पडल्यावर सुरू होत नाही. तो पेटीतून काढून स्कॅन होऊन पुढे गेल्यावर सुरू होते. योजना सुरू झाली तेव्हा चेक पुढे पाठवण्याची वेळ सकाळी दहा ते दुपारी चार अशी ठरवलेली होती, आणि शाखा आपली पेटी त्याच्या बरीच आधी उघडते. पेटीवर चिकटवलेल्या कागदावर ही वेळ लिहिलेली असते, ती एकदा वाचून वहीत टिपून ठेवावी. त्या वेळेनंतर टाकलेला चेक दुसऱ्या कामाच्या दिवसाचा समजावा. माझा शुक्रवारचा चेक दुपारी बारापूर्वी पोहोचला असता तर त्याच संध्याकाळी वटला असता आणि हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

चेक आपल्याच बँकेचा असेल तर तो पेटीत मुळीच टाकू नये. काउंटरवर देऊन तिथेच वळता करून घ्यावा. देणाऱ्याच्या खात्यात पैसे असतील तर काम तेवढ्यात होते. डिमांड ड्राफ्ट म्हणजे रोख पैसे असा समज अजून पुष्कळांचा आहे, पण दुसऱ्या बँकेचा ड्राफ्टही क्लिअरिंगनेच, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवाणघेवाणीतूनच वटतो आणि त्यालाही तीच वेळ लागते. मुदतठेव बँकेच्या सुट्टीच्या दिवशी पिकत असेल तर तिचे पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात, मधल्या दिवसाच्या व्याजासह. तेव्हा रविवारी पिकणाऱ्या ठेवीच्या भरवशावर रविवारचा हप्ता सोडू नये.

एनईएफटी, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या बँकेतल्या खात्यात थेट पैसे पाठवण्याची सोय, 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालू आहे आणि दर अर्ध्या तासाला तिची एक खेप निघते. खेपेनंतर दोन तासांच्या आत पैसे खात्यात यायला हवेत, न आल्यास बँकेने रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक 2 टक्के या दराने व्याज द्यायचे असते, आणि ते ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यायचे असते. असेच थेट पैसे पाठवण्याचे आणखी दोन मार्ग आहेत: दोन लाख आणि त्यावरच्या रकमेसाठी आरटीजीएस, पाच लाखांपर्यंत आयएमपीएस. हे तिन्ही मार्ग सुट्टीच्या दिवशीही चालतात. म्हणून हप्त्याच्या आसपास येणी असतील तर पार्टीला चेकऐवजी थेट खात्यात पैसे पाठवायला सांगणे हाच सर्वांत सोपा उपाय आहे, मग त्यासाठी दोन वेळा फोन करावा लागला तरी चालेल.

जाणारा पैसा सुट्टी पाळत नाही

पूर्वी हप्त्याची तारीख रविवारी आली की तो सोमवारी वजा होत असे. 1 ऑगस्ट 2021 पासून नॅक ही स्वयंचलित वसुलीची व्यवस्था आठवड्याचे सातही दिवस चालू झाली. कर्जाचे हप्ते, एसआयपी, विम्याचे प्रीमियम, यांतले बरेचसे याच मार्गाने वजा होतात. चेकचे क्लिअरिंग मात्र रविवारी, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आणि बँकेच्या इतर सुट्ट्यांना बंदच असते. जाणारा पैसा रोज जातो आणि चेकने येणारा फक्त कामाच्या दिवशी येतो, या विषमतेत बहुतेक भुर्दंडांचे मूळ आहे. आपल्याकडे दिवाळीत ती सर्वांत जास्त जाणवते. लक्ष्मीपूजनानंतर बेसतू वरस, म्हणजे गुजराती नववर्ष, आणि भाऊबीज यांची बँकेला सुट्टी असते, आणि 'दिवाळीनंतर देतो' म्हणणारे व्यापारी दुकान उघडतात ते लाभपाचमीला, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीला. तोपर्यंत चेक लिहिलाच जात नाही. महिन्याच्या त्या आठवड्यात येणारे हप्ते मात्र ठरल्या तारखेलाच येतात. 1 एप्रिललाही बँकांचे ग्राहकांचे काम बंद असते, आणि मार्चअखेर मिळालेले चेक तिथे अडकतात.

हप्ता दिवसाच्या कोणत्या तासाला येईल याचा अंदाज बांधत बसू नये. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पूर्ण रक्कम खात्यात हवी, असेच धरून चालावे. यूपीआय ऑटोपेची गोष्ट थोडी वेगळी आहे: ऑगस्ट 2025 पासून त्याची वसुली सकाळी दहापूर्वी, दुपारी एक ते पाच या वेळेत किंवा रात्री साडेनऊनंतर होते, आणि पैसे जाण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. ती सूचना म्हणजे शिल्लक पाहण्याची आठवणच आहे. जाहिरात समजून पुसून टाकू नये.

मी एक साधी वही ठेवतो. डाव्या पानावर महिन्याची येणी आणि ती कशाने येणार, उजव्या पानावर देणी आणि त्यांची तारीख. चेकने येणाऱ्या रकमेपुढे मी चेकवरची तारीख लिहीत नाही. ती रक्कम खात्यात वापरता येईल अशी तारीख लिहितो, सुट्ट्या वगळून आणि एक दिवस जास्तीचा धरून. दोन्ही पाने समोरासमोर ठेवली की कोणत्या तारखेला खाते रिकामे पडणार ते महिन्याच्या सुरुवातीलाच दिसते. ही पद्धत जुनाट वाटेल, पण संगणकावरच्या तक्त्यापेक्षा कारखान्याच्या मालकांना ती पटकन कळते, आणि ते स्वतः त्यात भर घालू लागतात हा खरा फायदा.

वहीत भगदाड दिसले तर कायमचा इलाज हप्त्याची तारीख बदलून घेणे हा आहे. अनेक कर्ज देणाऱ्या संस्था लेखी अर्जावर तारीख बदलून देतात. त्यासाठी नवे मँडेट, म्हणजे खात्यातून वसुली करण्याची लेखी परवानगी, भरून द्यावे लागते आणि कधी थोडे शुल्क पडते, पण ते एका बाउन्सपेक्षा स्वस्तच असते. नेहमीची येणी ज्या तारखेला येतात तिच्यापुढे पाच-सात दिवसांची तारीख मागावी. घरगुती खात्यासाठी मुदतठेवीला जोडलेली 'स्वीप' सोय चांगली: शिल्लक कमी पडली की ठेवीतून तेवढीच रक्कम आपोआप मोडून येते. व्यवसायासाठी ठेवीवर ओव्हरड्राफ्टची, म्हणजे शिल्लकेपेक्षा जास्त रक्कम उचलण्याची, मर्यादा मंजूर करून ठेवावी. व्याज वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतेच लागते, त्यामुळे 9,000 रुपये एका दिवसापुरते उचलले, तर 10 टक्के दरानेही ते अडीच रुपयांच्या आत बसते. 590 आणि 600 रुपयांपुढे हा आकडा ठेवून पाहावा. यांपैकी काहीच शक्य नसेल तर एका हप्त्याएवढी रक्कम खात्यात कायमची पडू द्यावी आणि ती नाहीच असे समजावे.

हप्ता परत गेला, आता काय

सर्वांत आधी कर्ज देणाऱ्या संस्थेला फोन करावा, बँकेला नंतर. याचे कारण असे की परत गेलेला हप्ता संस्था त्याच महिन्यात पुन्हा पाठवू शकते, आणि तो पुन्हा परत गेला तर बँक पुन्हा आकार लावते. आमच्या वाड्यातल्या एका काकूंच्या खात्यावर हे घडताना मी पाहिले आहे. मुलाच्या स्कूटरचा 5,000 रुपयांचा हप्ता त्यांच्या खात्यातून जात असे, आणि त्या महिन्यात खात्यात 4,700 रुपये होते. हप्ता परत गेला. 'तीनशेच कमी होते' म्हणून काकूंनी लगेच जाऊन 300 रुपये भरले. पण मधल्या वेळात बँकेने 590 रुपये कापले होते, त्यामुळे खात्यात झाले 4,410. आठवड्याने हप्ता पुन्हा आला, पुन्हा परत गेला, आणि पुन्हा 590 रुपये कापले गेले. तीनशे रुपयांच्या तुटीपायी बँकेकडेच 1,180 रुपये गेले, आणि काकू मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की आपण तर पैसे भरले होते. म्हणून तूट भरताना हप्त्यातली कमी रक्कम, अधिक लागलेला आकार, अधिक खात्यात राखायची किमान शिल्लक, एवढे सगळे मिळून भरावे. खाते रिकामे असल्यामुळे आकार कापता आला नसेल तर बँक तो नोंदवून ठेवते आणि पुढची जमा आली की आधी तो घेते. पुढचा हप्ता मग त्यापायी अडतो.

संस्थेला फोन केल्यावर हप्ता यूपीआयने किंवा तिच्या ॲपवरून भरता येईल का ते विचारावे, भरल्यावर पावती घ्यावी, आणि तोच हप्ता पुन्हा खात्यावर पाठवू नये असे लेखी कळवावे. हे लेखी न कळवल्यास हप्ता दोनदा जाण्याची भीती असते. हे काम त्याच दिवशी केलेले बरे, कारण कर्जाची माहिती 1 जानेवारी 2025 पासून पत मोजणाऱ्या कंपन्यांकडे दर पंधरवड्याला जाते, आणि थकलेल्या दिवसांचा आकडा त्या नोंदीत उतरतो. उशिराबद्दल संस्था जो दंड लावते त्याविषयी 2024 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: तो 'दंडात्मक आकार' म्हणूनच लावायचा, व्याजाच्या दरात मिसळायचा नाही, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचे नाही. खातेउताऱ्यात तो मुद्दलात मिळवलेला दिसला तर हरकत घ्यावी.

बँकेकडे जाताना आधी आकार योग्य होता की चुकीचा हे स्वतःशी ठरवून घ्यावे, कारण दोन्हींची भाषा वेगळी असते. आपण भरलेला चेक वेळेत पोहोचला होता, पण बँकेने तो पुढे पाठवायला उशीर केला, किंवा एनईएफटीचे पैसे तिच्या चुकीने अडकले, तर आकार चुकीचा आहे. चेक परत येण्यात ग्राहकाची चूक असेल तेव्हाच परतीचा आकार लावावा, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे; तांत्रिक कारणाने परत आलेला चेक सुट्ट्या सोडून 24 तासांच्या आत बँकेने पुन्हा पुढे पाठवायचा असतो आणि ग्राहकाला कळवायचे असते. अशा वेळी चेक भरल्याची शिक्का मारलेली स्लिप हा मुख्य पुरावा ठरतो. पेटीत टाकलेल्या चेकची अशी पोच मिळत नाही, म्हणून मोठ्या रकमेचा चेक काउंटरवर देऊन तारीख आणि वेळ लिहिलेली पोच घ्यावी. ग्राहकाने मागितल्यास काउंटरवर पोच द्यायला बँकेला नाही म्हणता येत नाही.

आकार योग्य असेल तर मागणी विनंतीची असते, हक्काची नव्हे. माझ्या अर्जात एवढेच होते: 'या खात्यावर यापूर्वी एकही हप्ता परत गेलेला नाही. 10 नोव्हेंबर रोजी हप्ता परत गेला त्याच दिवशी 48,000 रुपयांचा चेक वटून जमा झाला आहे. मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार आल्याने ही तूट पडली. तरी एक वेळची सवलत म्हणून 590 रुपये परत जमा करावेत.' अर्जाला पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत द्यावा, आणि पोच घ्यावी. शाखाधिकाऱ्यांना समक्ष भेटले तर उत्तर लवकर मिळते. काउंटरवर वाद घालून काहीच होत नाही, तिथल्या माणसाला आकार परत करण्याचा अधिकारच नसतो.

किमान शिल्लक न राखल्याचा आकार ही वेगळी बाब आहे, पण हप्ता परत गेल्यावर तोही बऱ्याचदा मागोमाग येतो. बचत खात्यावर तो लावण्यापूर्वी बँकेने ग्राहकाला कळवून शिल्लक भरून काढायला एक महिना द्यायचा असतो, आकार तुटीच्या प्रमाणात असायला हवा, आणि केवळ या आकारामुळे खाते उणे होता कामा नये. 1 एप्रिल 2015 पासून लागू असलेले हे नियम पुष्कळांना माहीत नसतात.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या तक्रार पोर्टलवर दाद मागता येते. फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. मात्र बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणे ही अट आहे. ती न करता थेट गेलेली तक्रार तिथे टिकत नाही.

आपण दुसऱ्याला दिलेला चेक याच कारणाने परत गेला असेल तर प्रकरण आकारापुरते राहत नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा, 1881 च्या कलम 138 खाली समोरचा माणूस चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस देऊ शकतो, आणि ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नॅकने परत गेलेल्या हप्त्यालाही पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 खाली तशीच शिक्षा आहे. 'पैसे दुसऱ्या दिवशी आलेच होते' हे सांगून तिथे भागत नाही. आलेले पैसे त्या 15 दिवसांत प्रत्यक्ष द्यावे लागतात, आणि दिल्याचा बँकेचा पुरावा जवळ ठेवावा लागतो.

माझ्या अर्जावर शाखाधिकाऱ्यांनी आठ दिवसांत 590 रुपये परत जमा करून दिले. कर्ज देणाऱ्या कंपनीने 600 रुपये सोडले नाहीत, पण हप्त्याची तारीख 10 वरून 15 करून दिली. चेकपेटीवरचा कागदही मी त्यानंतर वाचला; पेटी उघडण्याची वेळ दुपारी अडीचची होती.